एका फळाची सहा नावं आणि गूगलवरचं गिऱ्हाईक

"भावोजी, आपलं कोकम तर पक्कं सेंद्रिय आहे. मग हा साइटवाला म्हणतो, तुमचं ऑरगॅनिक ट्रॅफिक शून्य आहे. असं कसं?"

राजापूरहून वहिनींचा हा फोन आला तेव्हा मी हसलो, पण त्यांची तक्रार हसण्यासारखी नव्हती. घरचं आमसूल, आगळ आणि सरबत विकायला त्यांनी वेबसाइट करून घेतली, त्याचे पैसे मोजले आणि वर्ष उलटलं. साइट दिसायला झकास. ऑर्डरी मात्र जुन्याच गिऱ्हाइकांच्या, त्याही व्हॉट्सअ‍ॅपवर. नवा माणूस फिरकत नव्हता. त्यात कोणीतरी सांगितलेलं, की हल्ली गूगलच सगळी उत्तरं देतं, वेबसाइटींचे दिवस सरले. आणि दिवसाआड एक ईमेल यायचा: 'तुमची साइट पहिल्या नंबरवर आणून देतो, फक्त इतके रुपये.'

एक म्हणतो सगळं संपलं, दुसरा म्हणतो पैसे टाका की झालं. खरं काम या दोघांच्या मधे कुठेतरी असतं. त्याला कीवर्ड रिसर्च म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण गल्ल्यावर बसणाऱ्या कुठल्याही दुकानदाराला ते न शिकवता येतं.

ऑरगॅनिक म्हणजे शेणखतातलं नव्हे

गूगलवर काही शोधलं की पानावर दोन प्रकारच्या जागा दिसतात. काहींवर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं, त्या पैसे देऊन घेतलेल्या. बाकीच्या फुकट. त्या फुकटच्या जागेवर बोट ठेवून जो माणूस तुमच्या साइटवर येतो, तो ऑरगॅनिक ट्रॅफिकमधला. शेतीशी काही संबंध नाही. कोणी कोणी याचं 'सेंद्रिय रहदारी' असं भाषांतर करतात. ते वाचून माझ्या डोळ्यांपुढे बैलगाड्याच येतात.

जाहिरात नळासारखी असते, पैसे भरले तोवर पाणी. ऑरगॅनिकचं तसं नाही. एसटी स्टँडवर उतरून तुम्ही विचारता, "इथं चांगलं कोकम कुठं मिळेल?" आणि पानवाला सांगतो, "त्या वळणावरचं कौलारू घर, तिथं जा." त्याला कोणी पैसे दिलेले नसतात. पण त्या घरात कोकम मिळतं हे त्याला ठाऊक तरी हवं ना!

आता कीवर्ड. शोधताना माणूस जो शब्द किंवा जे वाक्य टाइप करतो किंवा फोनला बोलून सांगतो, तो कीवर्ड. लोक कोणते शब्द वापरतात, त्यामागे त्यांना नेमकं काय हवं असतं आणि त्या शब्दावर आपला निभाव लागेल का, हे आधी बघायचं आणि मग पान लिहायचं. रिसर्च तो एवढाच.

गूगल तुमच्या ओसरीवर येतं, पण आधीच

अनेकांना वाटतं, आपण शोध टाकला की गूगल त्या क्षणी जगभर धावत सुटतं. तसं नसतं. ते आधीच साइटींवर फिरून गेलेलं असतं आणि कुठल्या पानावर काय आहे याची नोंद त्याच्याकडे असते. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर आहे ती? तशीच, फक्त अफाट मोठी. आपण शोध टाकला की गूगल या सूचीत बघतं. तुमच्या पानावर जो शब्दच नाही, त्या शब्दाखाली तुमचं नाव लागणं अवघड.

गूगल आता पूर्वीपेक्षा बरंच शहाणं झालंय, हे मान्य. २०१९ पासून ते बर्ट नावाची यंत्रणा वापरतं, त्यामुळे सुटा शब्द न पाहता वाक्याचा रोख त्याला बराच कळतो. पण राजापूरच्या स्वयंपाकघरातला शब्द त्याला परका वाटणार नाही, अशा भरवशावर दुकान थाटू नये.

वहिनींच्या साइटवर पहिलंच ठळक वाक्य होतं: 'गार्सिनिया इंडिकापासून निर्मित दर्जेदार नैसर्गिक उत्पादने.' गार्सिनिया इंडिका हे कोकमाचं शास्त्रीय नाव. अख्ख्या पानावर 'आमसूल' हा शब्द एकदाही नाही.

मी विचारलं, "वहिनी, फोनवर लोक काय म्हणून मागतात?"

"आमसूल आहे का, असंच विचारतात. मुंबईचे कोकम म्हणतात. पणजीची एक बाई सोलं मागते."

"आणि गार्सिनिया?"

"म्हणजे काय?"

इथे आणखी एक गंमत आहे. गार्सिनिया हा शब्द शोधणारे बरेच लोक वजन कमी करायच्या गोळ्यांच्या मागावर असतात, आणि त्या गोळ्या कोकमाच्या नसतातच. त्या बनतात गार्सिनिया कंबोजियापासून, म्हणजे केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या कुडंपुळीपासून. कोकमाची ती चुलत बहीण. म्हणजे त्या ठळक शब्दावर चुकून कोणी आलाच, तर तो आल्या पावली परत जाणार.

सरकारी संकेतस्थळांचंही असंच होतं. 'शिधापत्रिका' लिहून मोकळे होतात, आणि अख्खा महाराष्ट्र शोधत असतो 'रेशन कार्ड'.

सहा नावं, सहा गिऱ्हाइकं

आता जरा थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे.

झाडाला लागतो तो रातांबा. त्याची सालं रसात बुडवून, मीठ लावून, उन्हात वाळवून, पुन्हा बुडवून जे होतं ते आमसूल. कोणी त्याला आमसोल म्हणतं, कोणी कोकम, गोव्यात सोलं. खारवलेला रस म्हणजे आगळ. सालांत साखर भरून उन्हात ठेवली की जो पाक सुटतो, त्याचं सरबत. बियांतून निघतं ते घट्ट तेल. टाचांच्या भेगांना लावायला आजीकडे त्याचा गोळा असायचा, ते मुठेल. दुकानात तेच 'कोकम बटर' म्हणून येतं.

फळ एक. पण 'रातांबे' शोधणारा आणि 'कोकम बटर' शोधणारा एकमेकांना ओळखायचेही नाहीत. पहिला एप्रिल-मे महिन्यात ताजी फळं शोधतोय, घरी सरबत घालायचंय त्याला. दुसरी बाई घरी साबण किंवा क्रीम बनवते. तिला वास किती येतो, रंग कसा असतो आणि किलोला भाव काय, एवढंच हवंय. 'आगळ' टाइप करणाऱ्याला आगळ म्हणजे काय हे ठाऊकच असतं. त्याला बाटली हवी. 'सोलकढी कशी करायची' असं विचारणारीला आज संध्याकाळी कढी करायचीय, बाटलीचं ती पुढे बघेल. आणि 'कोकम' एवढंच लिहिणारा? काहीही असू शकतो. शाळेच्या प्रकल्पाला माहिती हवी असलेला मुलगा, वरणात कोकम घालणारी सुरतची गृहिणी, रोपवाटिका शोधणारा बागायतदार.

शब्दामागे माणसाला जे हवं असतं, त्याला इंग्रजीत 'इंटेंट' म्हणतात, आपण 'हेतू' म्हणू. हेतू ओळखला की पान कसलं लिहायचं ते आपोआप ठरतं. 'आगळ विकत' शोधणाऱ्यापुढे कोकणच्या निसर्गसौंदर्यावर तीन परिच्छेद टाकलेत, तर तो वैतागेल. त्याला भाव, बाटलीचा आकार, पाठवणीचा खर्च आणि किती दिवस टिकतं ते दाखवा. सोलकढीवालीला कृती द्या, आणि कृतीतच सांगा की एक वाटी नारळाच्या दुधाला आगळ किती लागतं. नवख्यांचा हात नेमका तिथेच चुकतो.

वहिनींच्या साइटवर हे सगळे प्रकार 'आमची उत्पादने' या एकाच पानावर एकाखाली एक टांगलेले होते. ते आम्ही सोडवून वेगळे केले. बहुतेक काम त्यातच झालं.

हे शब्द सापडतात कुठे?

सगळ्यात चांगली जागा फुकट आहे आणि ती तुमच्या खिशात आहे: गिऱ्हाइकांचे जुने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. वहिनींना मी एक दोनशेपानी वही दिली आणि सांगितलं, पंधरा दिवस फोनवर जो कोणी जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. शुद्ध करू नका. 'मॅडम ते लाल आंबट वालं आहे का' असं म्हणाला, तर तसंच लिहा.

मग गूगलची पेटी. 'आमसूल' लिहून एक जागा सोडा आणि थांबा, खाली सूचना उघडतात. त्या बऱ्याचशा लोकांच्या खऱ्या शोधांवरून आलेल्या असतात. पुढे एकेक अक्षर घालून बघा. 'क' घातला की वेगळ्या, 'च' घातला की वेगळ्या. हे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत (इन्कॉग्निटो) करावं, नाहीतर तुमच्याच जुन्या शोधांची छाया पडते. निकालांच्या मधे 'लोक हेही विचारतात' अशी चौकट दिसते, तीही उतरवून घ्या.

गूगल ट्रेंड्समध्ये शब्दाचा हंगाम कळतो. तिथला आकडा ० ते १०० मधला असतो आणि ती शोधांची संख्या नव्हे. त्या काळातल्या सर्वोच्च बिंदूला १०० धरून बाकीचं मोजलेलं असतं. सरबताची आठवण लोकांना उन्हाळ्यात येणार, हे सांगायला आलेख नको. पण त्यासाठीचं पान जानेवारी-फेब्रुवारीतच तयार हवं, हे आलेख बघितल्यावर डोक्यात बसतं. पान लिहिलं त्याच दिवशी गूगल ते वर आणून ठेवत नाही.

चौथं साधन गूगलचं कीवर्ड प्लॅनर. ते मुळात जाहिरातदारांसाठी आहे, पण गूगलच्या जाहिरातींचं खातं उघडलं की वापरता येतं. एखादा शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो, ते तिथे दिसतं. जाहिरातीवर खर्च करत नसाल तर '१० ते १००', '१०० ते १ हजार' असे ढोबळ पट्टे मिळतात. तेवढे पुरतात. मात्र तिथल्या 'स्पर्धा' या रकान्याला बरेच जण फसतात. त्या शब्दावर जाहिरात द्यायला किती जण टपलेत, ते तो रकाना सांगतो. फुकटच्या जागांवर किती चुरस आहे, याचा त्यात पत्ता नसतो. ती चुरस डोळ्यांनीच बघावी. शब्द टाका आणि पहिल्या पानावर कोण बसलंय ते पाहा.

"पण या शब्दाला तर महिन्याला चाळीसच शोध आहेत!"

ही शंका सगळ्यांनाच येते. 'कोकम' या एका शब्दावर विकिपीडिया, मोठी खरेदी संकेतस्थळं आणि पाककृतींच्या जुन्या साइटी ठाण मांडून बसल्यात. तिथे राजापूरच्या साइटनं शिरणं म्हणजे गर्दीच्या वेळी दादरला फास्ट लोकलमध्ये चढणं.

समजा, एक शब्द महिन्याला ५,००० वेळा शोधला जातो आणि तुम्ही चौथ्या पानावर आहात. तुमच्याकडे येणारे जवळपास शून्य. दुसरा शब्द ४० वेळा शोधला जातो आणि तुम्ही वरच्या दोन-तीनांत आहात. त्यातले दहा आले, दहातल्या एकानं बाटली घेतली. अशी वीस पानं केलीत तर महिन्याला वीस बाटल्या. गणित काल्पनिक आहे, पण छोट्या साइटी अशाच उभ्या राहतात. 'घरगुती आगळ एक लिटर', 'उपवासाला आमसूल चालते का', 'बांगड्याच्या तिखल्यात कोकम की चिंच' अशा लांबट, किरकोळ दिसणाऱ्या शोधांना मोठे खेळाडू हुंगतही नाहीत.

शिवाय गूगल अनेक वर्षं सांगत आलंय, की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के त्यानं त्याआधी कधीच पाहिलेले नसतात. म्हणजे ज्या शब्दापुढे साधनं शून्य दाखवतात, तोही कोणीतरी विचारत असू शकतो. वहीत तो प्रश्न तीनदा आला असेल, तर मी साधनापेक्षा वहीवर विश्वास ठेवतो.

मराठीची आपली वेगळी भानगड

इंग्रजीतले सल्ले इथे अर्ध्यावर सोडून जातात. एकच माणूस सकाळी देवनागरीत 'आमसूल' शोधतो आणि दुपारी रोमन अक्षरांत, कधी सुरुवातीला एक ए लावून, कधी दोन. देवनागरीतही सूल ऱ्हस्व की दीर्घ, यावर एकमत नाही. मी काय केलं? शीर्षकात शुद्ध देवनागरी रूप, पानाच्या पत्त्यात सोपं रोमन स्पेलिंग आणि मजकुरात एकदा सहज येईल असं 'कोणी याला आमसोल म्हणतात'. सगळी अशुद्ध रूपं मुद्दाम पेरायची गरज नाही. नेहमीच्या चुका गूगल बहुतेक वेळा सांभाळून घेतं, आणि गिऱ्हाइकाला मात्र ती पेरणी दिसते.

मग विभक्ती. आपण लिहितो 'आमसुलाची चटणी', शोधणारा घाईत लिहितो 'आमसूल चटणी'. म्हणून मूळ शब्द, प्रत्यय न लागलेला, एखाद्या उपशीर्षकात तरी येऊ द्यावा.

'खोबऱ्या'तला अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी उमटतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला मात्र ती निरनिराळी अक्षरं. साइटच्या आतली शोधपेटी त्यामुळे 'सापडले नाही' म्हणते आणि माणूस निघून जातो. जुना मजकूर युनिकोडआधीच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत येण्याआधीच्या फाँटमध्ये असेल, तर त्याची अवस्था याहून वाईट. पडद्यावर मराठी दिसतं, पण पोटात इंग्रजी अक्षरांची खिचडी असते.

आणि वहिनींचं दरपत्रक होतं फोटोत. सुंदर सुलेखन, गुलाबी पार्श्वभूमी, कोपऱ्यात रातांबे. त्यातले शब्द ना कोणाला कॉपी करता येत, ना अंध माणसाच्या फोनला वाचता येत, आणि गूगल ते नीट वाचेलच असा भरवसाही नाही. फोटो ठेवला, खाली तेच साध्या अक्षरांत टंकलं.

"मग तो शब्द पन्नासदा घालू?"

नको. वहिनींच्या साइटच्या तळाशी मला रिकामी जागा दिसली. माउस ओढून निवडून बघितलं तर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बेस्ट कोकम, बेस्ट कोकम इन इंडिया' असं ओळीनं भरलेलं. साइट करणाऱ्यानं हे 'एसईओ' म्हणून, म्हणजे साइट शोधात वर आणायचं काम म्हणून, वेगळे पैसे लावून दिलं होतं! ही विद्या फार जुनी आहे आणि गूगलच्या नियमांत ती उघडउघड लबाडीत मोडते. पानाच्या पोटात कीवर्डांची छुपी यादी देण्याचीही एक पद्धत होती. ती यादी आपण क्रम लावताना बघतच नाही, असं गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलं. तरी आजही कोणीतरी ती भरून देतं आणि बिलात एक ओळ वाढते.

पानाच्या शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात आणि एखाद्या उपशीर्षकात शब्द आला की बस. पुढे तो विषयाच्या ओघात येतोच. आमसुलावर लिहायचं आणि आमसूल म्हणायचं नाही, हे तसंही जमत नाही.

पुतण्याची सूचना होती, एआयकडून पाचशे पानं लिहून घेऊ. मार्च २०२४ मध्ये गूगलनं आपल्या नियमांत हेच नाव घेऊन बजावलंय: क्रम मिळवण्यासाठी घाऊक प्रमाणात पानं काढली, मग ती माणसानं लिहिलेली असोत वा यंत्रानं, तर ती गैरवर्तनात धरली जातील. मी पुतण्याला विचारलं, रातांब्याची पहिली तोडणी कधी करतात, हे तुझं यंत्र तुझ्या आजीपेक्षा बरं सांगेल का? तो गप्प झाला. आजी गप्प झाली नाही, अर्धा तास बोलली, आणि ते एक पान झालं.

"गूगल स्वतःच उत्तर देतं, मग आपण कशाला?"

ही शंका खरी आहे, ती उडवून लावणार नाही. निकालांच्या वर एआयनं लिहिलेलं उत्तर मे २०२४ मध्ये अमेरिकेत दिसू लागलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते भारतात आलं. 'कोकम म्हणजे काय' या प्रश्नाचं उत्तर वरच मिळालं, तर खाली कोण उतरेल? अशा व्याख्यावजा प्रश्नांवरची गर्दी गेलीच म्हणून समजा. त्यांच्यावर पानं रचत बसू नका, असंच मी वहिनींना सांगितलं.

पण त्या उत्तरात आगळाची बाटली नसते. ज्याला विकत घ्यायचंय, खात्री करायचीय, फोटो बघायचाय किंवा 'माझ्याकडे असं झालंय, काय करू' असं विचारायचंय, त्याला कुठल्या तरी खऱ्या दारात यावंच लागतं. शिवाय ते यंत्रही आपलं उत्तर कोणाच्या तरी पानांवरूनच जुळवतं आणि सोबत दुवे देतं. तुमचं पान त्यात येईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. जो देतो, त्याचा ईमेल कचऱ्यात टाका.

एका बाबतीत मी वहिनींना अडवलं. पित्तावर आमसूल, वजनावर आमसूल, असे शोध भरपूर दिसतात आणि मोह होतो. पण आरोग्याच्या विषयात गूगल जास्त काटेकोर असतं. आणि पित्त उठलेल्या माणसाला आपण डॉक्टर असल्यासारखं काही सांगावं, हे मला गूगलशिवायही पटत नाही.

आणि फरक पडला का?

महिना-दोन महिने काहीच हललं नाही. वहिनींचा धीर सुटत आला होता, माझाही थोडा. अशा वेळी बघायचं ते सर्च कन्सोल. गूगलचंच फुकट साधन आहे. आपली साइट कुठल्या शोधांवर दिसली, कितव्या जागी आणि कितींनी बोट ठेवलं, याचा गेल्या १६ महिन्यांपर्यंतचा हिशेब तिथे मिळतो. कीवर्ड प्लॅनर सगळ्या बाजाराचं सांगतो, हे फक्त तुमच्या दाराचं सांगतं. नवीन पान कशावर लिहावं, याची सगळ्यात पक्की यादी माझ्या मते हीच.

त्या यादीत तळाशी एक शोध होता: 'आमसुलावर पांढरे आले आहे'. मोजक्या वेळा आपलं पान त्यावर दिसलेलं, तेही बरंच खाली, आणि बोट कोणीही ठेवलेलं नाही. मी तो वहिनींना वाचून दाखवला.

"अहो, हे तर मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं! लोकांना वाटतं बुरशी आली. अर्ध्या वेळा ते मीठ असतं."

"कळतं कसं?"

"मीठ चमकतं, बोटाला कण लागतात, पाण्यात टाकलं की विरघळून जातं. बुरशी कापसासारखी असते, वासच सांगतो. थांबा, माझ्याकडे दोन्ही आहेत. मागच्या पावसात एक बरणी वाया गेली ना, ती फेकलीच नाही मी अजून."

फोन तसाच चालू ठेवून त्या माळ्यावर गेल्या. बरण्या सरकवल्याचा आवाज आला आणि मागोमाग त्यांचा: "उजेडात फोटो काढायचा, की फ्लॅश लावून?"